मामाच्या कोठ्यात मुलांना नेताना

नागपूरच्या महाराजबागेत किंवा गोरेवाड्याला प्राणी दिसतात, पण लांबून. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला खाऊ घालणं, डिवचणं, आरडाओरडा करून त्रास देणं याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पण पाच-सात वर्षांच्या पोराला मुळात हवं असतं ते हात लावणं, चारणं, पाठीवरून हात फिरवणं. त्यासाठी विदर्भातल्या बऱ्याच घरांजवळ अजून एक फुकटची जागा शिल्लक आहे, ती म्हणजे आजोळचा कोठा, म्हणजे गुरांचा गोठा. दोन-चार गाई, एखादी म्हैस, दहा-बारा बकऱ्या, अंगणभर कोंबड्या. तिकीट नाही, रांग नाही.

फक्त ही जागा मुलांसाठी बांधलेली नसते, एवढं लक्षात ठेवावं लागतं. कोठ्यात मुलं गेली की कुणीतरी हमखास म्हणतं, "जाय ना बे, काही नाही करत ते, लाव हात!" घरच्या माणसाला ते जनावर काही करत नाही हे खरं. पण शहरातून आलेली सहा पोरं एकदम ओरडत आत शिरली तर ते काय करेल, हे मामालाही माहीत नसतं. म्हणून आमचा एकच नियम: पोराला जनावराजवळ ढकलायचं नाही, जनावराला पोराजवळ येऊ द्यायचं. नाही आलं तर त्या दिवशी नाही आलं.

आधी वेळ ठरवा, आणि ती पाहुण्यांच्या नाश्त्यावर नाही, जनावरांच्या दिवसावर. पहाटे धारा निघतात, मग गायकी, म्हणजे गावाचा गुराखी, आखरावरून (गुरं गोळा होतात त्या जागेवरून) गुरं चरायला नेतो आणि ती दिवस कलताना परततात. त्यामुळे सकाळी धारा झाल्यापासून गुरं सुटेपर्यंतचा तास आणि संध्याकाळी ती परतून पाणी पिऊन स्थिरावल्यानंतरचा तास, एवढाच वेळ कामाचा. दुपारी जनावर सावलीत रवंथ करत बसलेलं असतं, त्याला उठवण्यात अर्थ नाही. मे महिन्यात पारा ४५ वर गेलेला असतो, तेव्हा तर सकाळी आठनंतर मुलांनाही कोठ्यात ठेवू नका. सगळ्यात चांगला काळ दिवाळी ते होळी. याच दिवसांत बऱ्याच बकऱ्या वितात, आणि दोन ते चार आठवड्यांचं पिल्लू ओळख करून घ्यायला सगळ्यात सोपं. पोळ्याचा दिवस फोटोला चांगला, ओळखीला वाईट: बैल सकाळपासून धुतलेले, रंगवलेले, झुलीखाली तापलेले, वर ढोलताशे आणि फटाके. त्या दिवशी लहानांनी लांबूनच बघावं. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल त्यांना पुरेसा आहे.

मुलं आत जाण्याआधी एका मोठ्या माणसानं दहा मिनिटं एकट्यानं फिरून यावं. कोठ्याचा कोपरा हीच कित्येक घरांत फवारणीच्या औषधांची कोठी असते. फवारणीचा पंप तिथेच टांगलेला, तणनाशकाची अर्धी बाटली आढ्याला खोचलेली, आणि मोजमापाचं झाकण खाली पडलेलं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते अशाच फवारणीच्या औषधांनी. पंप, बाटल्या, रिकामे डबे, सगळं कुलपात जाऊ द्या. कुटाराचा म्हणजे भुशाचा ढीग आणि तुऱ्हाट्यांची म्हणजे तुरीच्या काड्यांची रास इथे विंचू-साप असतात, तिथे लपंडाव नाही. कोठा शेतात असेल तर रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र, बंद केली का ते स्वतः पाहा, सांगोवांगीवर राहू नका. विहिरीला कठडा आहे का? कुत्री व्यायलेली आहे का? एखादी गाय दोन-तीन दिवसांपूर्वी वितलेली आहे का? एरवी गरीब असलेली गाय वासरासाठी अंगावर येते. ती बाजू दोरी बांधून बंदच करावी. आणि मोकळा सांड आसपास असेल तर बेत दुसऱ्या दिवशीवर टाका.

सुरुवात बकरीपासून. उंची पोराएवढी, स्वभाव चौकस आणि खायला कायम तयार. आपल्याकडच्या बेरारी बकरीच्या तोंडावर शिंगाच्या बुडापासून नाकपुडीपर्यंत दोन्ही बाजूंनी पट्टा उतरलेला असतो, तो मुलांना शोधायला सांगा, म्हणजे धावणं आपोआप थांबतं आणि बघणं सुरू होतं. पोराला पालथ्या बादलीवर बसवा. उभं पोर बकरीवर वाकतं आणि वाकणारी सावली कुठल्याच जनावराला आवडत नाही. बसलेल्या पोराकडे पिल्लं दोन-तीन मिनिटांत स्वतःहून येतात, बटणं हुंगतात, शर्टाचं टोक चघळतात. (चघळलेली ओढणी हळूच सोडवून घ्यावी, ओढाताण केली तर फाटते ती ओढणीच.)

पहिला घास हातावरून नको. बोर किंवा बाभळीची हातभर लांब डहाळी घ्या, पाल्याचं टोक बकरीकडे, बूड पोराच्या मुठीत. तोंड आणि बोटं यांत हातभर अंतर राहतं, आणि बकरीलाही असंच वर मान करून ओरबाडायला आवडतं. पाच-दहा डहाळ्यांनी पोराची भीती गेली की मग तळहात. पंजा पूर्ण सपाट, बोटं जुळलेली, अंगठा बाजूला चिकटलेला, मध्ये चिमूटभर दाणे. बकरी ओठांनी दाणे उचलते, आणि ओठ इतके मऊ आणि चपळ असतात की बहुतेक मुलं इथे हसायला लागतात. पुढून ती चावली तरी फार लागत नाही, कारण तिच्या वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात, नुसती कडक गादी असते. खाली मात्र आठ दात. खरा धोका तोंडाच्या कोपऱ्यात: आत दाढा वर-खाली दोन्हीकडे आहेत आणि धारदार आहेत. गालाच्या बाजूनं बोट आत घातलं तर ते चिरडतं. "दात दाखव" म्हणून पोरं नेमकं तेच करतात.

दात दाखवायचेच असतील तर घरच्या माणसानं एका हातानं बकरीचा जबडा खालून धरावा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं फक्त खालचा ओठ खाली करावा, तोंड उघडायची गरज नाही. बारीक दुधाचे दात आणि रुंद कायमचे दात यांतला फरक लगेच कळतो. मधले दोन रुंद झाले की दोन दाती, म्हणजे साधारण सव्वा-दीड वर्षाची, चार दाती दोनच्या आसपास, सहा दाती अडीच ते तीन, आणि आठही जुळले की साडेतीन-चार वर्षं. कळपातल्या पाच बकऱ्यांचं वय मुलांना ओळखायला लावलं की अर्धा तास कसा गेला कळत नाही. तसंच डोळ्यांचं. उन्हात बकरीची बाहुली आडवी बारीक फट असते, तिला कोठ्याच्या अंधारात आणलं की तीच रुंद होते.

एक खेळ मात्र अजिबात नको: पिल्लाच्या किंवा गोऱ्ह्याच्या कपाळाला तळहात लावून ढकलाढकली. पिल्लू असताना ते गोड दिसतं. मोठा झाल्यावर तोच बोकड तीस-चाळीस किलोचा होऊन त्याच सवयीनं ढुशी मारतो आणि मग त्याला बांधून ठेवावं लागतं. खाजवायचं तर मानेखाली किंवा खांद्यावर, कपाळावर नाही. मोठ्या बोकडाला तर लांबूनच नमस्कार. माजावर आलेला बोकड स्वतःच्याच दाढीवर मुततो, हे मुलांना सांगितलं की ती आपणहून चार हात मागे सरकतात.

आता खाऊचं, कारण या फेरफटक्यात पोरांपेक्षा जनावरंच जास्त आजारी पडतात. तीस किलोची बकरी दिवसाला साधारण तीन-चार किलो ओला पाला-चारा आणि वर दोन-अडीचशे ग्रॅम खुराक खाते. दहा पाहुण्या मुलांनी एकेक मूठ मका किंवा गहू दिला तर एकाच बकरीच्या पोटात अर्धा किलो दाणा जातो, आणि सगळ्यात पुढे घुसणारी बकरीच तो खाते. दाण्यातलं पिष्ट पोटात झपाट्यानं आंबतं, आम्ल वाढतं, चारा पचवणारे सूक्ष्मजीव मरतात. बकरी रवंथ सोडते, दात खाते, पातळ घाण वासाचं हगते, बसून राहते. वेळेत उपचार नाही मिळाले तर एक-दोन दिवसांत जाते. उरलेल्या पोळ्या, भात, पुरणपोळी, बिस्किटं यांनीही हेच होतं, गाई-बैलांनासुद्धा. बिस्किटाचा पुडा प्लास्टिकसकट गिळला तर त्रास वेगळाच, तो पोटात वर्षानुवर्षं राहतो.

उपाय साधा आहे. सकाळीच त्या दिवसाच्या खुराकातून एका ताटात दाणा काढून ठेवायचा, प्रत्येक बकरीमागे पन्नास ग्रॅम, म्हणजे मुलाची एक मिटलेली मूठ. ताट रिकामं झालं की दाणा संपला. पुढचं चारणं सगळं पाल्याचं: बोर, बाभूळ, निंब, शेवगा. सुबाभूळही चालते, पण तीच ती पोटभर नको, त्यातल्या मिमोसिन या विषारी घटकानं केस गळतात.

आणि पाला मुलांनी तोडायचा नाही, घरच्यांनी तोडून द्यायचा. हा नियम कडक ठेवा. अंगणातली कण्हेर शोभेची असते आणि तिची थोडी पानंही जनावराच्या हृदयावर जातात. नाल्याकाठचा बेशरम, कुंपणावरची घाणेरी, धोतरा, एरंडी, सगळे मुलांच्या हाताच्या उंचीवर असतात आणि सगळे घातक. कोवळी किंवा पावसानं ताण दिलेली ज्वारी हिरवीगार दिसते, पण तिच्यात सायनाइड तयार होतं. त्यालाच किराळ लागणं म्हणतात, आणि तेव्हा डॉक्टर पोचायलाही वेळ मिळत नाही. धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, गवतही नको, त्यावर गेल्या आठवड्यात तणनाशक मारलं का हे पाहुण्याला कुठून कळणार?

बकऱ्यांवर हात बसला की गाय. गाईला जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त थेट पाठीमागचं दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या बाजूनं काही आलं की ती लाथ झाडते. म्हणून बाजूनं, खांद्याच्या रोखानं, बोलत बोलत जायचं. पहिला हात गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीच्या पोळीवर. तिथे खाजवलं की गाय मान लांब करते, मग तिची जीभ मुलाच्या मनगटाला लागू द्या. ती खरखरीत का? कारण तिच्यावर मागे वळलेले काटे असतात, चारा आत ओढायला. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजाकडे पांढरी-राखी गवळाऊ गाय असेल तर जास्त सबुरी लागते. ही जात कामाला चपळ आणि अनोळखी माणसाला तितकीच बुजरी. तिच्यापाशी एका वेळी एकच मूल.

बसून रवंथ करणारी गाय हा आमच्या मते कोठ्यातला सगळ्यात चांगला देखावा आहे, आणि तिकडे कुणी बघत नाही. चार हात लांब बसा आणि गळ्याकडे पाहा: पोटातून घासाचा गोळा वर सरकताना कातडीखाली दिसतो. मग मुलांना चावण्या मोजायला लावा. साधारण चाळीस ते साठ चावण्या, गिळणं, तीन-चार सेकंद शांत, आणि पुढचा गोळा. गाय ओळखीची आणि गरीब असेल तर घरच्या माणसानं मोठ्या मुलाचा हात धरून डाव्या भकाळीवर, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात, मूठ टेकवावी. मिनिटाला एक-दोनदा आतून पोट मुठीला वर लोटतं. ते कळलं की शांत पोर आणखीच शांत होतं.

धार काढायची हौस प्रत्येकाला असते. ती शेवटी पुरवावी. गाय पान्हवली की पान्हा पाच-सात मिनिटं टिकतो. त्या वेळात पोरांचा गोंधळ झाला तर ती दूध चढवते, मग सकाळचं अर्धं दूध कासेतच राहतं आणि नुकसान घरधन्याचं. त्यानं आधी काढून घ्यावं, मग मुलानं दोन-चार पिळे मारावेत. अंगठा दुमडून नाही, मुठीनं: वरची दोन बोटं आधी आवळायची, मग खालची. अंगठ्यानं ओढलं की सड दुखावतो. मूल गाईच्या बाजूला, उकिडवं, मांडी घालून नाही, म्हणजे उठून बाजूला होता येतं. ते दूध उकळल्याशिवाय प्यायचं नाही, "धारोष्ण"चं कितीही कौतुक होवो. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा तापाचा आजार येतो.

म्हैस लांबूनच. नागपुरी म्हशीची शिंगं तलवारीसारखी मागे खांद्यापर्यंत जातात, आणि माशी हाकलायला तिनं मान फिरवली तरी त्यांचा पल्ला मोठा असतो. दाव्याची लांबी अधिक दोन हात, एवढ्या अंतरावर उभं राहून पाणी टाकू द्या. काळी कातडी आणि घाम कमी, म्हणून पाणी अंगावर पडलं की ती डोळे मिटून उभी राहते.

खुड बसलेली कोंबडी असेल तर संध्याकाळ राखून ठेवा. अंडं उबवायला एकवीस दिवस लागतात. सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान रात्री अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं आणा, जाड टोक मोबाईलच्या टॉर्चवर टेकवा आणि प्रकाश बाजूनं सांडू नये म्हणून मुठीनं वेढा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसतात आणि मध्ये एक गडद ठिपका, तो कधी कधी हलतोही. नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसलं तर ते अंडं फुटणार नाही. अंडं घरच्या बाईनंच कोंबडीखालून काढावं, दुसऱ्याला ती टोचते. एकेक अंडं मिनिटाभरात परत, आणि टॉर्च जास्त वेळ टेकवून ठेवू नका, काच तापते. चौदाव्या दिवसानंतर आत सगळं काळंच दिसतं, तेव्हा बघण्यात मजा नाही. पिल्लं निघाली असतील तर ओंजळीत घ्या, पण पापा घेऊ नका. कोंबडीच्या पिल्लांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो आणि पाच वर्षांखालच्या मुलांना तो फार लागतो.

म्हणूनच कोठ्यात चिवडा-लाडू नाही. खाणं बाहेर, हात धुतल्यावर, साबणानं, नखांसकट. शेण लागलेल्या हातावर सॅनिटायझर काम करत नाही. दिवस गेलेल्या बाईनं नुकत्याच वितलेल्या बकरीपासून, तिच्या वारेपासून लांब राहावं. ज्या बकरीच्या ओठांवर खपल्या असतील तिला मावा झालेला असू शकतो, तो हातावरही उठतो. केस गेलेले गोल चट्टे म्हणजे बहुधा गजकर्ण. अशी जनावरं त्या दिवशी वेगळी बांधा. पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने उंच गवतातून जाताना पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, आणि घरी आल्यावर आंघोळ करून कपडे लगेच धुवायला. २०१८ मध्ये नागपूरकडे स्क्रब टायफस या तापाची साथ आली होती, ती गवतातल्या माइट नावाच्या बारीक किड्यामुळे पसरते. नंतर ताप आला आणि अंगावर कुठे काळी खपली दिसली तर डॉक्टरांना कोठ्यात गेल्याचं आवर्जून सांगा. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ ओढा, चटका देऊ नका.

कुत्रं किंवा मांजर ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. चुना, हळद, तिखट, काही नाही.

पिंजऱ्यातला राघू, पकडून आणलेलं कासव किंवा रानसशाचं पिल्लू कुणी कौतुकानं दाखवायला आणलं तर त्याचा फोटोही नको. ते पाळणं गुन्हा आहे, आणि साप हातात देणाऱ्या सर्पमित्राचंही तेच.

मामा पैसे घेणार नाही, देऊही नका, वाईट दिसतं. सरकी ढेपेचं एक पोतं गाडीत टाकून न्या, किंवा गव्हाणीत ठेवायची मिठाची वीट. ती तुम्ही गेल्यावरही महिनाभर चाटली जाते.

पाहुणे परतले की रात्री झोपण्याआधी घरच्यानं बॅटरी घेऊन एक चक्कर मारावी. प्रत्येक जनावर रवंथ करतंय का, डावी भकाळी फुगून ढोलासारखी टणक झाली का, शेण-लेंडी नेहमीसारखी आहे का, एवढंच पाहायचं. जास्त दाणा खाल्लेल्या बकरीला त्या रात्री फक्त कडबा किंवा कुटार आणि पाणी. रवंथ बंद असेल, पोट फुगलं असेल किंवा बकरी आडवी पडली असेल तर सकाळची वाट पाहू नका, गावाजवळच्या पशुवैद्यकाला फोन करा. दिवसा १९६२ या मोफत क्रमांकावर फिरतं पशुवैद्यकीय पथक मागवता येतं. तोवर तिला छातीवर बसवून आधार द्या, कुशीवर पडू देऊ नका. नळीनं किंवा बाटलीनं तेल-सोडा पाजायची घाई करू नका, मान वर ओढून पाजलेलं औषध फुफ्फुसात जातं.